मिरचीचं तेल

बाटली धुण्याच्या दगडावर आपटली आणि तिच्या ठिकऱ्या ठिकऱ्या झाल्या!... लालभडक तेल ओघळत अंगणभर पसरलं, त्याच्या तिखट वासाने शेजारपाजारच्यांना ठसका लागला, आणि त्या ठसक्याचं निमित्त करून पांढुर्ण्याच्या त्या गल्लीतली झाडून सारी माणसं केशवराव हेडमास्तरांच्या फाटकाशी गोळा झाली.

"सांग आता सगळ्यांसमोर!" विनायक संतापाने ओरडला. "काय लावून राहिली होती तू माझ्या बाबांच्या पायाले? तळपाय काळा पडला त्यांचा! जाळलं तू माझ्या बापाले!"

कलाबाई ओसरीच्या खांबाला टेकून उभी होती. सहा वर्षांचा संसार, चार वर्षांची लेक, आणि आज हा लग्नाचा नवरा तिला भर गल्लीत, पंचवीस माणसांच्या देखत, गुन्हेगार ठरवत होता!... तिच्या ओठांवर खरं उत्तर होतं. एकच वाक्य. ते एक वाक्य ती बोलली असती तर विनायकाचा आवाज तिथल्या तिथे बसला असता. पण तिची नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली. तिथे नववा महिना लागलेली तिची नणंद उषा चौकट घट्ट धरून उभी होती, तिचा चेहरा पांढराफटक पडला होता... आणि कलाबाईने ते वाक्य गिळून टाकलं.

"मी रोज लावत होती तेच तेल लावलं," ती इतकंच म्हणाली.

तिथेच निकाल लागला! कोणी विचारलं नाही, कोणी तपासलं नाही. आणि ज्याच्या पायासाठी हा सारा तमाशा चालला होता ते केशवराव ओसरीवरच्या आरामखुर्चीत बसून काय बोलले? "आग तर ती रोजच लावत असे. माझ्या डोळ्यांना पाणी यायचं." बस्स. तीस वर्षं ज्या माणसाने खोटं बोलणाऱ्या पोरांना दोन छड्या जास्त मारल्या, त्याने अर्धं खरं सांगितलं आणि उरलेलं अर्धं पोटात ठेवलं. काय म्हणावं अशा खरेपणाला!

आता हे उरलेलं अर्धं काय होतं, ते सांगायलाच हवं.

केशवरावांना नोकरी सुटल्याच्या वर्षीच मधुमेह निघाला होता. नागपूरच्या डॉक्टरांनी इन्सुलिनची सुई लावून दिली, भात-साखर बंद केली, वजन करून भाकरी खायला सांगितली. ही सुई कोण टोचणार? चौथी शिकलेली कलाबाई! ती काचेची पिचकारी उकळून घ्यायची, रोज सकाळी लघवीत निळं औषध घालून स्पिरिटच्या दिव्यावर तापवायची, आणि रंग निळाच राहिला की हिरवा झाला, की विटकरी, ते वहीत लिहून ठेवायची. विनायक नागपूरच्या सचिवालयात कारकून. तिथे त्याने दोन खोल्या घेऊन ठेवल्या होत्या, दारावर तिच्या हातचं तोरण लागायचं होतं, पण सासूबाई वारल्या आणि "बाबांकडे कोण पाहणार?" या एका प्रश्नापुढे तिचं तोरण पेटीतच राहिलं. नवरा शनिवारी यायचा, सोमवारी पहाटे जायचा. तिने कधी चकार शब्द काढला नाही.

मग केशवरावांच्या पायांची आग सुरू झाली. आणि आग कशी? तळपायांखाली निखारे पसरल्यागत! मध्येच मुंग्या, मध्येच सुया, अंगावरची चादर पायाला लागली तरी तो करारी माणूस लहान पोरासारखा कळवळायचा. डॉक्टर म्हणाले, "साखर ताब्यात ठेवा, हळूहळू उतरेल. आगीवर माझ्याकडे वेगळं औषध नाही." तो आक्रोश ऐकणं कलाबाईला असह्य झालं. तिच्या बोरगावच्या माहेरी म्हाताऱ्या माणसांच्या पायांना असं झालं की मिरचीचं तेल लावत. सुक्या लाल मिरच्या जवसाच्या तेलात मंद आचेवर कढवायच्या, आठ दिवस मुरवायच्या आणि मलमलीतून दोनदा गाळायच्या. कातडी धड असेल तिथेच लावायचं, जरा खरचटलं असेल तर हातही लावायचा नाही. पहिले काही दिवस आग वाढते, माणूस लावणाऱ्याला शिव्या घालतो. मग ती हळूहळू निवत जाते.

"बरं, लाव," केशवराव म्हणाले होते. "पण विनायकाला सांगू नकोस. डॉक्टरला तर मुळीच नको. लोक म्हणतील, हेडमास्तर म्हातारपणी गावठी उपाय करून राहिले!"

दिवसातून तीनदा ती उघड्या हातांनी ते तेल चोळायची. हात किती धुतले, राख लावली, बेसन लावलं, तरी तळव्यांची लाही लाही व्हायची. डोळे भरून आले तरी पुसायची सोय नाही!... आणि सरला? ती चिमुरडी आईकडे झेपावायची आणि आई दोन्ही हात पाठीमागे लपवून म्हणायची, "नको ग माय, हात तिखट हायेत." असे तीन महिने काढले तिने. तीन महिने पोटच्या पोरीच्या गालाला हात लावला नाही!

आणि गुण आला. आला म्हणजे काय, आषाढात रात्रंदिवस तळमळणारे केशवराव श्रावणात गाढ झोपू लागले, काठी टेकत वाचनालयापर्यंत जाऊ लागले. तोंडाने मात्र "बरं वाटतं" हे दोन शब्द त्यांनी कधी उच्चारले नाहीत. सुनेच्या गावठी तेलाने हेडमास्तरांना बरं वाटलं, हे कबूल कसं करायचं!

फक्त एक गोष्ट कलाबाईला खटकत होती. उजव्या पायाच्या करंगळीखाली तेल चोळलं तरी केशवराव 'स्स' करत नसत. "मामाजी, येथं तुमाले काहीच लागत नाई का?" तिने दोनदा विचारलं. "बरं झालं म्हणून लागत नाही!" ते खेकसले. तिचं समाधान झालं नाही. ती रोज पाय धुताना तो भाग उलटून पालटून पाहायची.

नेमका एक दिवस पाहायचा राहिला.

पोळ्याचा दुसरा दिवस. जाम नदीच्या पात्रात पळस रोवला गेला होता, इकडून पांढुर्णा आणि पलीकडून सावरगाव, गोटमार, म्हणजे दोन गावांची वर्षाची दगडफेक, ऐन रंगात आली होती. केशवराव सकाळी रिवाजाप्रमाणे अनवाणी चंडीच्या देवळात जाऊन आले होते. दुपारी शेजारचे भैय्याजी डोकं फुटून रक्ताळलेले घरी आणले गेले, त्यांच्या बायकोने हाक मारली म्हणून कलाबाई सरलाला कडेवर घेऊन तिकडे धावली. तासाभराने ती परत आली तो मागच्या पायरीवर जळका वास, विझलेली चिमणी, आणि दाभणाला टोचलेला काळाठिक्कर बिब्बा!

"वयनी, बाबांच्या पायात काटा मोडला होता," बाळंतपणासाठी सौंसरहून आलेली उषा कौतुकाने सांगू लागली. "नमस्कार करताना मले दिसला. करंगळीच्या खाली. काढाले गेली तर निघेना, मंग बिब्ब्याचा चटका देला. आजीनं शिकवलं होतं ना मले, माणूस 'हाय' म्हणेपर्यंत ठेवाचा. पण आपले बाबा म्हणजे बाबाच! सात वेळा ठेवला, हूं की चूं नाई केलं!"

कलाबाईने सरलाला कडेवरून खाली ठेवलं. काटा रुतला की या मुलखात घरोघरी बिब्बा तापवतात, आणि चटका किती द्यायचा याचं माप एकच, ज्याला देतो त्याचं ओरडणं. इथे ओरडणाराच नव्हता! तिने धावत जाऊन पाय पाहिला. करंगळीखाली रुपयाएवढी कातडी पांढरी, चामड्यासारखी झाली होती, आणि केशवराव निवांतपणे पेपर वाचत होते.

त्याच घटकेपासून तिने तेल बंद केलं. उकळलेल्या पाण्याने जखम धुतली, स्वच्छ फडकं बांधलं. "मामाजी, नागपूरले दाखवाले चला," असं ती तीन दिवस विनवत होती. "दुखतच नाही तर कायले जायचं?" हे एकच उत्तर! चौथ्या दिवशी फोड फुटला, सहाव्या दिवशी कड काळी पडली, तेव्हा मामाजींचं न ऐकता तिनेच विनायकाला कार्ड टाकलं... बाबांचा पाय बिघडला आहे, ताबडतोब या. होय, तिनेच बोलावलं त्याला! आणि आल्या आल्या कोनाड्यातली तेलाची बाटली त्याच्या हाती लागल्यावर त्याने काय केलं ते तुम्ही पाहिलंच.

तो येण्याच्या आदल्या दिवशी उषाने चुलीपुढे बसून तिचे पाय धरले होते.

"वयनी, दोन लेकरं पोटातच गेली माझी... हे तिसरं. बाबांचा पाय मी जाळला हे बाबांले कळलं तर माझ्यानं सहन नाई होणार, वयनी! मी मरून जाईन!" तिचे दातावर दात वाजत होते, ओटीपोटात कळ येते म्हणून ती वाकली होती.

कलाबाईने तिला उठवून छातीशी धरलं. "उगी राहा उषाबाई. बाळंत होईपर्यंत तोंड उघडू नका. माही आण हाय तुमाले. तवर काय व्हायचं ते मी पाहून घेईन."

तिला वाटलं होतं, नवरा दोन शब्द रागावेल, चार दिवस अबोला धरेल, झालं. विनायकाने तिला घराबाहेर काढलं! नत्थूजींना, तिच्या वडिलांना, निरोप गेला की लेकीला घेऊन जा. आणि सरला? "जिच्या हातानं माझा बाप जळला तिच्या हाती मी पोर देणार नाही!" असं म्हणून त्याने रडून लाल झालेली मुलगी तिच्या पदरापासून ओढून घेतली. बैलगाडी गल्लीतून निघाली तेव्हा फाटकाफाटकात माणसं उभी होती. एकानेही विचारलं नाही की बाई, खरं काय झालं?

बोरगावात नत्थूजी खवळले होते. "चार माणसं घेऊन जातो मी पांढुर्ण्याले! हेडमास्तर असन आपल्या शाळेतला! माह्या पोरीनं काय केलं ते सांग म्हणतो त्याले!"

"नाई बाबा," ती म्हणायची. "थोडे दिवस थांबा. मंग सारं निवळते."

ती दिवस मोजत होती. उषाचं बाळंतपण दसऱ्याच्या आसपास होणार होतं. पण तेवढ्यात सगळीकडे एकच धांदल उडाली. राज्यं नव्याने आखली जात होती. नागपूर मुंबई राज्यात चाललं, छिंदवाडा जिल्हा मात्र मध्य प्रदेशातच राहिला, आणि सचिवालयातल्या कारकुनांची वाटणी झाली, तू मुंबईकडे, तू भोपाळकडे. विनायक पांढुर्ण्याचा, म्हणून त्याला भोपाळ मिळालं. एक नोव्हेंबरपूर्वी, म्हणजे ऐन दिवाळीच्या तोंडावर, हजर व्हायचं होतं. सौंसरच्या बाजारात नत्थूजींना भैय्याजी भेटले, डोक्याची पट्टी सुटली होती, त्यांनीच ही खबर दिली. "सरलाले घेऊन चालला म्हणे तो. तिथं त्याची मावशी हाय, ती सांभाळीन."

ते ऐकून कलाबाईने वडिलांना गावाचं नाव दोनदा विचारलं. भोपाळ! तिने ते गाव नकाशातही पाहिलं नव्हतं. पांढुर्णा बोरगावहून गाडीने गाठता येत होतं, वाटलंच तर लपून परसाच्या भिंतीआडून लेकीला पाहता येत होतं. भोपाळला कशी जाणार होती ती? आणि चार वर्षांच्या मुलीला आईचा चेहरा किती दिवस आठवतो?... दसरा झाला. उषाला मुलगा झाल्याचं, बाळ-बाळंतीण सुखरूप असल्याचं कळलं. कलाबाईने देवापुढे साखर ठेवली आणि वाट पाहू लागली. आता उषा बोलेल. आज बोलेल. उद्या बोलेल... बारसं झालं, तरी पांढुर्ण्याहून कोणी आलं नाही! आईपणाच्या सुखात ती पोरगी दुसऱ्या आईला विसरली. हे लिहितानाही अंगाचा तिळपापड होतो.

शेवटी तोंड उघडलं ते एका टाचणीने.

केशवरावांची जखम काही केल्या भरेना, तेव्हा विनायकाने त्यांना नागपूरच्या इस्पितळात नेलं. करंगळी कापावी लागली. ड्रेसिंगच्या वेळी विनायक कचेरीत होता, म्हातारे एकटेच होते. डॉक्टर म्हणाले, "मास्तर, डोळे मिटा. टोचलं की 'हो' म्हणा." केशवरावांनी डोळे मिटले आणि ते वाट पाहत राहिले. घोट्याजवळ टोचलं तेव्हा ते दचकून "हो!" म्हणाले. मग पुन्हा शांतता. "टोचा ना," ते म्हणाले.

"अकरा वेळा टोचलं मी," डॉक्टर म्हणाले. "तळपायाला तुमच्या जाणीवच उरली नाही. मास्तर, जिथं आग होते तिथं अजून जीव आहे, जिथं काहीच होत नाही तिथंच सांभाळायचं. इथं बिब्बा कोणी लावला?"

"बिब्बा?... ती तर मिरचीच्या तेलानं..."

"तेलानं अशी गोल, खोल जखम होत नाही. मीही याच मुलखातला आहे, बिब्ब्याचा डाग ओळखतो. आणि ते तेल धड कातडीवर लावून आग कमी वाटत असेल तर माझी हरकत नव्हती, सुई आणि पथ्य सोडलं नाही म्हणजे झालं. कोण लावत होतं?"

"सून," केशवराव म्हणाले. आणि त्या भरल्या वॉर्डात तो छडीबहाद्दर हेडमास्तर तोंडावर पंचा घेऊन ढसाढसा रडू लागला. सात चटके खाऊन त्याला वाटलं होतं की बिब्ब्याने काहीच केलं नाही, कारण काही जाणवलंच नव्हतं! जाणवली होती ती फक्त मिरची. जी आग रोज कळत होती तिच्यावरच त्याने सारा आळ घातला होता.

घरी परतल्यावर त्यांनी उषाला समोर बसवलं. "काटा काढलास त्या दिवशी वहिनीला माहीत होतं?" उषाच्या मांडीवर सतरा दिवसांचं बाळ होतं. ती हुंदके देत सारं बोलली, आण, चूल, पोटातली कळ, सगळं. "मी रोज सांगणार होती बाबा... रोज वाटे उद्या सांगीन..."

केशवरावांनी तिला एक शब्दही सुनावला नाही. सुनावण्याचा अधिकार त्यांना उरला नव्हता, हे त्यांना कळत होतं. दुसऱ्या दिवशी ते एकटेच मोटारीने सौंसरला आले, आणि तिथून भाड्याची बैलगाडी करून बोरगावला.

कलाबाई वावरात कापूस वेचत होती. वावराच्या धुऱ्याशी, बांधावर, गाडी थांबली, काठी टेकत कोणी उतरू लागलं, आणि पट्टी बांधलेला पाय मातीत टेकणार तोच ती कमरेची ओटी तशीच धरून धावली.

"मामाजी! पाय खाली नका ठेवू! काटे हायेत तेथं!"

दोन महिन्यांनी सुनेच्या तोंडचे पहिले शब्द हे होते. केशवराव गाडीच्या साटीवर बसून राहिले, त्यांना हुंदका आवरेना. "कला... पोरी, मला सगळं कळलं. उषानं सांगितलं. मी चुकलो ग! मला क्षमा कर. चल घरी."

ती सासऱ्याच्या पाया पडली. मग उभी राहिली, आणि जन्मात पहिल्यांदा त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलली.

"उषाबाईचं मी समजू शकते, मामाजी. तिच्या पोटात लेकरू होतं, तिले भेव होता, आणि चूप राहाले मीच सांगितलं होतं. तुमचं काय होतं? तुमाले कोणाचा भेव होता?"

"मला खरंच वाटलं की तेलानंच..."

"ते असन. मी तेलाचं नाई विचारून राहिली. श्रावणात तुमी झोपत होते का नाई? चालत होते का नाई? ज्या दिवशी यायनं बाटली फोडली, त्या दिवशी तुमी एवढंच म्हटलं, आग लावत होती, डोळ्याले पाणी येत होतं. मंग ती आग कमी झाली होती, हे सांगाले तुमची जीभ कोणी धरली होती?" तिचा आवाज चिरकला. "माही पोर ओढून घेतली माह्या पदरातून... तुमच्या पुढ्यात, मामाजी! तुमी तेवढं एक जरी बोलले असते ना, तर मले वाटलं असतं, कोणीतरी हाय माहं त्या घरात!"

केशवरावांनी मान खाली घातली. वाऱ्याने पऱ्हाटीची पानं सळसळत होती, बांधावर नत्थूजी येऊन उभे राहिले होते, आणि त्या दोघांसमोर हेडमास्तर हळू आवाजात म्हणाले, "कमी झाली होती. मी झोपत होतो. मला... मला लाज वाटली सांगायची. आपण एवढे शिकलेले, आणि सुनेच्या तेलानं बरं वाटलं..." त्यांनी हात जोडले. "माझ्या अहंकाराची शिक्षा तू भोगलीस. आता चल, मी विनायकाला घरात बसवून सगळं सांगतो."

"घरात नका सांगू," कलाबाई म्हणाली. "मले घरात नाई काढलं. भर गल्लीत काढलं. ज्यायनं ऐकलं त्यायच्या समोर सांगा, मंग मी येते."

नत्थूजींना वाटलं, म्हातारा आता रागाने उठून जाईल. पण केशवरावांनी डोळे पुसले. "परवा सकाळच्या गाडीनं निघतो आहे तो. सारी गल्ली स्टेशनावर येईल. तू तिथं ये, भोपाळच्या तयारीनंच ये."

पांढुर्ण्याच्या फलाटावर त्या सकाळी खरोखरच सारी गल्ली लोटली होती. मास्तरांचा मुलगा नव्या राजधानीला चालला होता ना! हार, पेढे, निरोप, "चिठ्ठी टाकत जा रे बापा", असं सगळं चाललं होतं. वळकट्या आणि लोखंडी पेटी यांच्या मध्ये सरला मलूल बसली होती. फाटकातून नत्थूजींच्या मागे कलाबाई गाठोडं घेऊन आत आली तशी ती पोर "आई ग!" अशी किंकाळी फोडून धावली आणि तिच्या कमरेला अशी बिलगली की कोणाच्याने सोडवली नसती.

विनायकाचा चेहरा लाल झाला. "इथं कोणी बोलावलं हिले?"

"मी!" केशवरावांनी काठी फलाटावर आपटली. तो आवाज पांढुर्ण्यातल्या अर्ध्या माणसांनी शाळेत ऐकलेला होता.  "मी बोलावलं. ऐका सगळेजण. माझा पाय हिच्या तेलानं जळला नाही. बिब्ब्यानं जळला, आणि तो मी स्वतः बसून लावून घेतला. मला तो कळला नाही, कारण तळपाय मेला होता. हिच्या तेलानं मला बरं वाटलं होतं, मी झोपत होतो, चालत होतो. आणि हे मला ठाऊक असून, तुमच्या सगळ्यांसमोर हिला बोल लागला तेव्हा, मी गप्प बसलो. तीस वर्षं मी तुमच्या पोरांना खोट्यासाठी मारलं. आज माझ्या हातावर छडी मारायला कोणी नाही, म्हणून मीच सांगतो, मी खोटा ठरलो." आणि सत्तरीला टेकलेल्या त्या माणसाने सगळ्यांच्या देखत सुनेपुढे मान लववली.

उषाचं नाव त्यांनी घेतलं नाही. कलाबाईनेही घेतलं नाही. भैय्याजींच्या बायकोने पदर डोळ्याला लावला, पेढ्यांचा पुडा कोणाच्या तरी हातातून खाली पडला. विनायकाने हातातली वळकटी खाली ठेवली. गळ्यात हार, तोंडाचा रंग उडालेला.

गाडी आली. कलाबाईने सासऱ्याचे पाय शिवले, पट्टी नीट आहे ना ते पाहिलं. "उषाबाईले सांगा, रोज रात्री कंदील घेऊन दोन्ही तळपाय पाहाचे. तुमी नाई म्हटलं तरी पाहाचे." मग सरलाला उचलून ती बायकांच्या गर्दीतून डब्यात चढली, खिडकीशी बसली. विनायक पेटी घेऊन मागोमाग चढू लागला तशी तिने हात आडवा केला.

"तुमी दुसऱ्या डब्यात बसा."

"कला, सगळे पाहून राहिले..."

"तेव्हाही सगळे पाहूनच राहिले होते."

त्याने पेटी आत सरकवली आणि तो मुकाट्याने शेजारच्या डब्याकडे गेला. गाडी सुटली. फलाटावर केशवराव काठी उंच धरून उभे होते, ते दिसेनासे होईपर्यंत सरला हात हलवत राहिली.

आमल्याला विनायक चहाचे दोन कप घेऊन खिडकीशी आला. तिने एक सरलासाठी घेतला, दुसरा त्याच्या हातात तसाच निवला. बैतूलला तो सीताफळं घेऊन आला. सरलाने खाल्ली, बिया मोजल्या, कलाबाई डोंगराकडे पाहत राहिली. दोन्ही वेळा त्याने बोलायला तोंड उघडलं, आणि दोन्ही वेळा शिट्टी झाली तसा तो पळत आपल्या डब्याकडे गेला.

इटारसीला गाडी बराच वेळ थांबली. या वेळी तो रिकाम्या हाताने आला. गळ्यातला हार कुठेतरी टाकून दिला होता. डब्यात चढून तो तिच्यासमोर उभा राहिला, आणि सहप्रवाशांची पर्वा न करता रडवेल्या आवाजात म्हणाला, "कला, मी त्या दिवशी तुले काही विचारलंच नाही. नुसता ओरडलो. एकदा तरी विचारायचं होतं मी, घरात नेऊन, शांतपणे... विचारलं असतं तर तू सांगितलं असतं?"

"नाई," ती म्हणाली. "तरीही नसतं सांगितलं. वचन देलं होतं मी." आणि इतके दिवस अडवून धरलेले अश्रू तिच्या गालांवरून घळाघळा वाहू लागले. "पण तुमी विचारलं असतं ना... तर ते दोन महिने मी सुखानं काढले असते हो!"

 तो तिथेच खाली बसला, गुडघ्यांत डोकं घालून. गाडीने शिट्टी दिली. तो उठून परत जायला वळला तोच कलाबाईने डोळे पुसले, बाकावरचं गाठोडं खाली ठेवलं आणि लेकीला म्हणाली, "सरले, पाय जवळ घे. बाबाले बसू दे."